अल्केन कसे शिकावे: आकडे, प्रयोग आणि अभिक्रियांची कारणे

मे महिन्यात सोलापूरचा दुपारचा पारा ४० °से.च्या वर चढतो आणि एन-पेंटेनचा (५ कार्बनच्या सरळ साखळीच्या अल्केनचा) उत्कलनांक ३६.१ °से. आहे. अल्केन म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेला, सगळे बंध एकेरी असलेला रेणू. म्हणजे जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत बाटलीत निवांत असलेला हा द्रव मेच्या दुपारी बूच काढल्याबरोबर उकळायला लागतो. १८ कार्बनच्या ऑक्टाडेकेनचा द्रवणांक २८.२ °से. आहे. हिवाळ्याच्या सकाळी तो पांढरा, मेणासारखा घट्ट असतो, तर उन्हाळ्यात त्याच कपाटात पातळ झालेला सापडतो. पुस्तकात ‘१ ते ४ कार्बन वायू, ५ ते १७ द्रव, १८पासून पुढे स्थायू’ असे लिहिलेले असते. ते २५ °से.साठी आणि सरळ साखळीसाठी खरे आहे. त्यामुळे अल्केनबद्दलचे कोणतेही विधान तापमान आणि रेणूचा आकार यांच्यासकट वाचायची सवय लावा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

अकरावीत हे प्रकरण बहुतेक जण अभिक्रियांची यादी म्हणून पाठ करतात: इतके तापमान, अमुक उत्प्रेरक, तमुक उत्पादित. सीईटी किंवा नीटच्या पेपरात प्रश्न थोडा फिरवला की ही यादी उपयोगी पडत नाही. खरे तर इथे दोनच प्रश्न विचारायचे असतात. रेणू एकमेकांना किती घट्ट धरतात? सगळे भौतिक गुणधर्म यातून येतात. दुसरा: कोणता बंध, किती ऊर्जेला, कसा तुटतो? सगळ्या अभिक्रिया यातून येतात.

आधी आकडे वहीत घ्या

अल्केनमध्ये कार्बन जितके असतील, त्याच्या दुप्पट अधिक २ इतके हायड्रोजन असतात. हे सूत्र सगळ्यांना येते. उत्कलनांकांची माळ मात्र क्वचितच कोणी लिहून काढतो, आणि शिकण्यासारखे खरे तिच्यातच आहे. वहीच्या एका पानावर सरळ साखळीचे हे आकडे उतरवा (सगळे °से.मध्ये, १ वातावरण दाबाला):

मिथेन उणे १६१.५
इथेन उणे ८८.६
प्रोपेन उणे ४२.१
ब्युटेन उणे ०.५
पेंटेन ३६.१
हेक्झेन ६८.७
हेप्टेन ९८.४
ऑक्टेन १२५.७
नोनेन १५१
डेकेन १७४

आता शेजारच्या दोन आकड्यांमधला फरक काढा. मिथेन ते इथेन ७३ अंश. पेंटेन ते हेक्झेन ३३, मग ३०, २७, २५, २३. प्रत्येक पायरीवर रेणूत भर तेवढीच पडते: १ कार्बन आणि २ हायड्रोजन. तरी फरक कमी कमी होत जातो, कारण रेणू जितका मोठा, तितकी ही भर त्याच्या एकूण आकाराच्या मानाने लहान. ‘प्रत्येक कार्बनमागे २० ते ३० अंश’ हा पुस्तकी नियम साधारण हेक्झेन ते डेकेन या पट्ट्यापुरता आहे. मिथेन-इथेनला तो लावला की उत्तर चुकते.

हे आकडे वाढतात कशामुळे? कार्बन आणि हायड्रोजन यांच्या विद्युतऋणतेत (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेत) फारसा फरक नाही, त्यामुळे अल्केनचा रेणू जवळजवळ अध्रुवी असतो. रेणूंना एकत्र धरायला इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक विस्कळीतपणातून येणारे दुबळे व्हॅन डर वॉल्स बल तेवढे उरते. ते रेणूंच्या एकमेकांना टेकणाऱ्या पृष्ठभागावर अवलंबून असते. साखळी लांबली की पृष्ठभाग वाढतो. साखळीला फाटे फुटले की रेणू गोळीसारखा होतो आणि पृष्ठभाग घटतो.

याची कसोटी पेंटेनच्या तीन समघटकांवर पाहा. रेणुसूत्र एकच, वस्तुमान एकच. एन-पेंटेन ३६.१ °से.ला उकळतो, आयसोपेंटेन २७.८ला, निओपेंटेन ९.५ला. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे तिन्ही खोलीच्या तापमानाला वायू व्हायला बघतात. हिवाळ्याच्या सकाळी पहिले दोन द्रव आणि तिसरा वायू.

द्रवणांकात मात्र सावध राहा. तिथे पृष्ठभागाइतकेच स्फटिकात रेणू किती नीट रचले जातात यालाही महत्त्व असते. निओपेंटेन सगळ्यांत कमी तापमानाला उकळतो, पण वितळतो उणे १६.६ °से.ला, तर एन-पेंटेन उणे १२९.७ला. निओपेंटेनचा रेणू सर्व बाजूंनी सारखा, म्हणून स्फटिकात तो छान बसतो. त्याच कारणाने सरळ साखळीत सम कार्बनांचे अल्केन विषम कार्बनांच्या शेजाऱ्यांपेक्षा अपेक्षेहून जास्त तापमानाला वितळतात: पेंटेन उणे १२९.७, हेक्झेन उणे ९५.३, हेप्टेन उणे ९०.६, ऑक्टेन उणे ५६.८. पेंटेन ते हेक्झेन ३४ अंशांची उडी, हेक्झेन ते हेप्टेन जेमतेम ५, मग पुन्हा ३४. आलेख काढला तर रेषा पायऱ्यापायऱ्यांनी चढते. परीक्षेत ‘उत्कलनांक नियमित वाढतो, द्रवणांक का नाही’ असा प्रश्न आला तर हे चार आकडे लिहून कारण द्या.

विद्राव्यता आणि घनता थोडक्यात. अल्केन पाण्यात विरघळत नाहीत आणि द्रव अल्केन पाण्यावर तरंगतात. हेक्झेनची घनता ०.६६ ग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. यंत्रमागावर विणताना चादरीवर पडलेला ऑइलचा डाग नुसत्या पाण्याने निघत नाही, केरोसीनसारख्या द्रवाने निघतो, तो यामुळेच: दोन्हींत लांब साखळीचे हायड्रोकार्बन असतात. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकायचे नाही यामागेही घनताच आहे. पाणी खाली जाते, पेट्रोल वर तरंगत पसरते आणि आग रुंदावते. अशा वेळी फेस, कोरडी रासायनिक पूड किंवा वाळू लागते.

उत्कलनांक स्वतः मोजताना

या प्रयोगासाठी सायक्लोहेक्झेन घ्या. तो वलयी असला तरी सगळे बंध एकेरी आहेत, वागणूक अल्केनचीच, आणि उत्कलनांक ८०.७ °से. असल्यामुळे पाण्याचे बाष्पपात्र पुरते. एन-हेक्झेन शक्यतो टाळा. त्याच्या वाफा दीर्घकाळ श्वासात गेल्या तर शरीरात त्यापासून २,५-हेक्झेनडायोन तयार होते आणि हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते.

लहान परीक्षानळीत अर्धा मिलिलिटर द्रव घ्या. एका टोकाला बंद केलेली केशनळी उघडे टोक खाली करून त्यात सोडा. नळी थर्मामीटरला रबरी रिंगने अशी बांधा, की द्रव आणि थर्मामीटरचा फुगा एका पातळीत येतील. रिंग पाण्याच्या वर राहू द्या. हे सगळे पाण्याच्या बीकरमध्ये सोडून हळू तापवा. सुरुवातीला केशनळीतून एकेक बुडबुडा निघतो, तो आत अडकलेल्या हवेचा असतो. बुडबुड्यांची सलग माळ लागली की उष्णता बंद करा. पाणी निवते, बुडबुडे मंदावतात आणि एका क्षणी द्रव केशनळीत चढायला लागतो. त्या क्षणीचे तापमान म्हणजे उत्कलनांक. बुडबुडे सुरू होतानाचे वाचन घेतले तर आकडा चुकतो.

सोलापुरात आकडा ८०.७ येणार नाही, साधारण ७९च्या आसपास येईल. थर्मामीटरला दोष देऊ नका. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, इथला वातावरणाचा दाब थोडा कमी, त्यामुळे उत्कलनांक दीड-दोन अंशांनी उतरतो. इथे पाणीदेखील साधारण ९८.५ °से.ला उकळते. म्हणूनच हा प्रयोग हेप्टेनवर पाण्याच्या बाष्पपात्रात करू नका; दोघांचे उत्कलनांक इतके जवळ येतात, की बुडबुड्यांची माळ नीट लागत नाही. नोंदवहीत तारीख, खोलीचे तापमान आणि मिळाला तर त्या दिवसाचा वायुदाब जरूर लिहा.

पाणी विजेच्या शेगडीवर तापवा आणि जवळपास उघडी ज्योत ठेवू नका. सायक्लोहेक्झेनचा प्रज्वलनांक उणे २० °से.च्या आसपास आहे, म्हणजे सोलापूरच्या कोणत्याही दिवशी त्याच्या वाफा ठिणगी मिळताच पेट घेऊ शकतात. वाफा हवेहून जड असल्याने टेबलावरून घरंगळत दूरच्या बर्नरपर्यंत पोचतात. तापून लाल झालेल्या शेगडीच्या तारेवर द्रव सांडला तर ज्योतीशिवायही भडका उडतो. पेंटेनची बाटली उन्हाळ्यात उघडण्याआधी १० मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि बूच एकदम न काढता हळू सैल करा. ती घरगुती फ्रिजमध्ये कधीही ठेवू नका. आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरते.

मिथेन तयार करताना काय बिघडते

निर्जल सोडियम ॲसिटेट आणि सोडा लाइम (सोडियम हायड्रॉक्साइड आणि चुना यांचे मिश्रण) तापवून मिथेन मिळवायचा हा जुना प्रयोग आहे. शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. प्रमाण वजनाने १ ला ३ ठेवा: ४ ग्रॅम ॲसिटेट, १२ ग्रॅम सोडा लाइम. गणिताने ४ ग्रॅमपासून सुमारे १.२ लिटर मिथेन यायला हवा; प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो, म्हणून २५० मिलिलिटरची दोन-तीन वायुपात्रे पुरतात. अभिक्रियेत भाग घेतो तो सोडियम हायड्रॉक्साइड. चुन्यामुळे मिश्रण सच्छिद्र राहते, ओलावा धरला जातो आणि वितळलेला कॉस्टिक सोडा काच खात नाही.

सगळ्यांत जास्त प्रयोग फसतात ते ॲसिटेट ओले राहिल्याने. बाटलीवर ‘ट्रायहायड्रेट’ लिहिले असेल तर तो आधी चिनी मातीच्या वाटीत तापवा. ५८ °से.च्या आसपास तो वितळतो, पाणी उकळून जाते, मग पुन्हा घट्ट होतो. अजून तापवला की ३२४ °से.ला दुसऱ्यांदा वितळायला लागतो. हे दुसरे वितळणे सुरू होताच वाटी खाली घ्या आणि डेसिकेटरमध्ये निववा. त्यापुढे तापवत राहिलात तर तो करपतो आणि ॲसिटोनचा वास येतो. ॲसिटेट सुकवणे टाळले तर काय होते? ओले मिश्रण नळीत फसफसते आणि तोंडाशी जमलेले पाणी तापलेल्या काचेवर ओघळून नळी तडकते. याच कारणाने जाड बोरोसिलिकेट काचेची नळी स्टँडला आडवी, तोंडाकडे किंचित उतरती लावायची असते.

ज्योत एका जागी धरू नका, पुढेमागे फिरवत राहा. पाण्याखाली वायू जमवताना पहिले पात्र फेकून द्या, त्यात नळीतली हवा असते. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर मिश्रण स्फोटक ठरते, म्हणून हे पाऊल कंटाळा करून गाळायचे नाही. प्रयोग संपवताना आधी वायुवाहक नळी पाण्यातून बाहेर काढा आणि मग बर्नर बंद करा. क्रम उलटा झाला, की नळी निवताना आतला दाब घटतो, पाणी मागे ओढले जाते आणि गरम काच फुटते.

ज्वलनाची चाचणी लहान परीक्षानळीतल्या वायूवरच करा. मिथेन हवेहून हलका असल्याने नळीचे तोंड खाली ठेवून जळती काडी जवळ न्या. फिकट निळी ज्योत दिसते. नंतर नळीत चुन्याची निवळी घालून हलवली की ती दुधाळ होते.

ब्रोमीन पाण्याच्या चाचणीत घोळ होतो. असंपृक्त, म्हणजे दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन ब्रोमीनचा रंग घालवतात, अल्केन घालवत नाहीत. मंद उजेडात मिथेनमुळे ब्रोमीन पाण्याचा तांबूस रंग जाऊ नये. गेलाच तर वायूसोबत कॉस्टिकची धूळ आली आहे किंवा करपलेल्या ॲसिटेटमधला ॲसिटोन, हे ओळखा. दोन्ही ब्रोमीन संपवतात. वायू जमवण्याआधी एका बाटलीतल्या पाण्यातून धुऊन घेतला की दोन्ही बऱ्याच अंशी अडतात. गोबर गॅसच्या टाकीतला किंवा डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशपासून (सांडपाण्यापासून) मिळणारा बायोगॅस आणून ही चाचणी करू नये. त्यात मिथेन भरपूर असतो, पण हायड्रोजन सल्फाइडही असतो आणि तो ब्रोमीनचा रंग लगेच घालवतो. पाहणाऱ्याला वाटते, मिथेन असंपृक्त आहे!

प्रकाश आणि ब्रोमीन

अल्केनच्या अभिक्रिया समजून घ्यायला याहून चांगला प्रयोग शाळा-कॉलेजात दुसरा नाही, आणि सोलापूरला लख्ख उन्हाची कमतरता नाही. ब्रोमीन हाताळणारा माणूस शिक्षकच असावा; हातमोजे, चष्मा आणि धूरपेटी हवीच. शेजारी १० टक्के सोडियम थायोसल्फेटचे द्रावण तयार ठेवा, सांडलेला ब्रोमीन त्याने निष्प्रभ होतो.

५ मिलिलिटर शुद्ध सायक्लोहेक्झेन आणि ५ मिलिलिटर ब्रोमीन पाणी एका नळीत घालून हलवा. ब्रोमीन वरच्या थरात जातो आणि तो नारिंगी दिसतो. ड्रॉपरने फक्त वरचा थर काढून दोन कोरड्या नळ्यांत सारखा वाटा. पाणी सोबत येऊ देऊ नका, नाहीतर पुढे तयार होणारा हायड्रोजन ब्रोमाइड त्यात विरघळेल आणि त्याच्या वाफा दिसणार नाहीत. एक नळी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळा, दुसरी उघडी ठेवा. दोन्हींना सैल बूच लावा आणि पाण्याने भरलेल्या एकाच बीकरमध्ये उन्हात ठेवा. एकाच पाण्यात ठेवायचे कारण असे, की ऊन उजेडासोबत उष्णताही देते. दोन्ही नळ्या सारख्याच तापल्या तरच ‘काम उजेडाने केले’ असे म्हणता येते.

उघड्या नळीचा रंग काही मिनिटांत उडतो. पावसाळी ढगांत वेळ जास्त लागतो. रंग पूर्ण गेल्यावर अमोनियात बुडवलेली काचकांडी तोंडाशी धरा, अमोनियम ब्रोमाइडचा दाट पांढरा धूर दिसेल. रंग शिल्लक असताना ही चाचणी करू नका, कारण ब्रोमीनची वाफसुद्धा अमोनियासोबत पांढरा धूर देते. फॉइलमधली नळी उघडून पाहा, ती नारिंगीच असायला हवी. अंधारातही रंग गेला असेल तर द्रवात अल्कीनची (दुहेरी बंधाच्या हायड्रोकार्बनची) भेसळ आहे. पेट्रोल घेऊन हा प्रयोग करणाऱ्यांची इथेच फसगत होते, कारण पेट्रोलमध्ये असंपृक्त हायड्रोकार्बनही असतात.

काचेच्या नळीतही हे कसे घडते? ब्रोमीन-ब्रोमीन बंध तोडायला मोलमागे १९३ किलोज्यूल लागतात. एवढी ऊर्जा देणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी काढायला १,१९,६२७ला (प्लांकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि अव्होगाड्रो अंक यांचा गुणाकार, किलोज्यूल-नॅनोमीटरमध्ये) १९३ने भागा, उत्तर येते सुमारे ६२० नॅनोमीटर. म्हणजे दृश्य प्रकाशातले, नारिंगीपासून पुढचे निळ्याकडचे सगळे किरण पुरेशा ऊर्जेचे आहेत आणि काच ते अडवत नाही. क्लोरीनसाठी २४३ किलोज्यूल धरून हिशेब केला तर ४९२ नॅनोमीटर येतात.

हिशेबाने समजणारी साखळी

प्रकाशाने हॅलोजनचा रेणू दुभंगतो आणि प्रत्येक अणूकडे एकटा इलेक्ट्रॉन राहतो. हे मुक्तमूलक. मिथेनच्या क्लोरिनेशनमध्ये पुढे दोन पायऱ्या आळीपाळीने चालतात. पहिलीत क्लोरीन मूलक मिथेनचा हायड्रोजन ओढून घेतो: तुटायला ४३९ किलोज्यूल लागले, हायड्रोजन-क्लोरीन बंध जुळताना ४३१ परत मिळाले, म्हणजे ८ खर्च. दुसरीत मिथिल मूलक क्लोरीनच्या रेणूला भिडतो: २४३ खर्च, सुमारे ३५० परत, १०७ जमा. एकूण ९९ किलोज्यूल बाहेर पडतात. दुसऱ्या पायरीतून नवा क्लोरीन मूलक सुटतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. दोन मूलक एकमेकांना भेटले, की ती साखळी तुटते. थोडा इथेन तयार झालेला सापडतो, तो दोन मिथिल मूलक जुळल्यामुळेच. ‘इथेन का मिळतो’ हा पेपरातला आवडता प्रश्न आहे.

हाच हिशेब इतर हॅलोजनांना लावा. ब्रोमीनच्या पहिल्या पायरीला ४३९ वजा ३६६, म्हणजे ७३ खर्च, अभिक्रिया मंद. आयोडीनला ४३९ वजा २९८, म्हणजे १४१. एकूण अभिक्रिया उलटी फिरते, म्हणून हायड्रोजन आयोडाइड नष्ट करायला आयोडिक आम्लासारखा ऑक्सिडीकारक लागतो. फ्लोरीन इतकी ऊर्जा सोडतो, की स्फोट आवरणे कठीण. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हा क्रम पाठ करण्याची गरजच उरत नाही.

कोणता हायड्रोजन जाईल हेही गणिताने काढता येते. हायड्रोजन ज्या कार्बनवर आहे, तो इतर १, २ किंवा ३ कार्बनांना जोडलेला असेल त्यानुसार हायड्रोजन प्राथमिक, द्वितीयक किंवा तृतीयक ठरतो. क्लोरिनेशनमध्ये २५ °से.ला या तिघांच्या वेगांचे प्रमाण १ : ३.८ : ५ असते. ब्रोमिनेशनमध्ये १२७ °से.ला ते १ : ८२ : १६०० इतके टोकाचे होते. पद्धत सोपी: त्या प्रकारचे हायड्रोजन मोजा, वेगाने गुणा, बेरजेने भागा. प्रोपेनमध्ये प्राथमिक ६, द्वितीयक २. क्लोरीनसाठी ६ आणि ७.६, बेरीज १३.६, म्हणजे २-क्लोरोप्रोपेन ५६ टक्के. ब्रोमीनसाठी ६ आणि १६४, म्हणजे २-ब्रोमोप्रोपेन सुमारे ९६ टक्के. आयसोब्युटेनचे क्लोरिनेशन करा: ९ प्राथमिक हायड्रोजनांचे ९, एका तृतीयकाचे ५. तृतीयक उत्पादित फक्त ३६ टक्के! इथे बहुतेक जण ‘तृतीयक मूलक स्थिर, म्हणून तेच मुख्य उत्पादित’ लिहून गुण घालवतात. स्थिरतेसोबत संख्याही धरायची असते. ब्रोमीनमध्ये मात्र ९ विरुद्ध १६००, तिथे तृतीयकच उरतो. ब्रोमीन इतका चोखंदळ का? त्याची पहिली पायरी ऊर्जा खाणारी आहे, त्यामुळे संक्रमण अवस्था (जुना बंध तुटताना आणि नवा जुळतानाची सर्वाधिक ऊर्जेची स्थिती) जवळजवळ तयार मूलकासारखी असते आणि मूलकांच्या स्थिरतेतला फरक तिच्यात पुरता उतरतो.

मोनोक्लोरो उत्पादित हवे असेल तर मिथेन भरपूर आणि क्लोरीन कमी ठेवतात. उलट केले तर डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांचे मिश्रण हाती येते.

ज्वलन, आणि घरातला सिलिंडर

ज्वलनाचे समीकरण संतुलित करायला: कार्बनची संख्या तिप्पट करा, १ मिळवा, निम्मे करा. तेवढे ऑक्सिजनचे रेणू. प्रोपेनला ५, ब्युटेनला ६.५. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे ब्युटेनच्या १ घनफळाला हवेची जवळजवळ ३१ घनफळे हवीत. बर्नरची छिद्रे किंवा हवेची वाट बुजली, की ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो दिसत नाही, वासही येत नाही. पिवळी ज्योत दिसली तर बर्नर काढून घासा आणि खिडकी उघडी ठेवा.

मोलमागे उष्णता मिथेनची ८९०, प्रोपेनची २२२०, ब्युटेनची २८७८ किलोज्यूल. रेणुभाराने भागले, की ग्रॅममागे ५५.६, ५०.५ आणि ४९.६. वजनाच्या मानाने मिथेन सरस, कारण त्यात हायड्रोजनचा वाटा मोठा. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन-ब्युटेन. ब्युटेन हवेच्या दुप्पट जड, म्हणून गळालेला गॅस जमिनीलगत साचतो, ओट्याखाली, मोरीत, खड्ड्यात. मूळ गॅसला वास नसतो. येणारा वास मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका आणि बाहेर जाऊन १९०६ला फोन करा.

उरलेल्या अभिक्रिया

उष्णतेने साखळी तोडताना कार्बन-कार्बन बंध (सुमारे ३४७ किलोज्यूल) कार्बन-हायड्रोजन बंधाआधी (सुमारे ४१३) तुटतो. हेक्झेनपासून ब्युटेन आणि इथीन, किंवा इथेन आणि ब्युटीन मिळतो. दोन्हीकडचे अणू मोजून खात्री करा. वायू अवस्थेत १५० ते ४७५ °से.ला नायट्रेशन करतानाही साखळी तुटते, म्हणून प्रोपेनपासून दोन नायट्रोप्रोपेनांसोबत नायट्रोइथेन आणि नायट्रोमिथेनही येतात. निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड आणि हायड्रोजन क्लोराइड यांच्या सान्निध्यात सरळ साखळीची फाटेवाली होते. सोलापूरजवळच्या पाकणीच्या डेपोतून टँकरने निघणाऱ्या पेट्रोलला याचा थेट संबंध आहे: ऑक्टेन अंकाच्या (इंजिनात खडखड न होता इंधन किती नीट जळते हे सांगणाऱ्या) मोजपट्टीवर सरळ साखळीचा हेप्टेन ० आणि २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन १०० धरला जातो. ७७३ केल्विन, १० ते २० वातावरण दाब आणि क्रोमियम, व्हॅनेडियम किंवा मॉलिब्डेनमच्या ऑक्साइडचा उत्प्रेरक असला, की हेक्झेन हायड्रोजनचे ४ रेणू गमावून बेंझीन होतो, हेप्टेन टोल्यूइन. वलय जुळायला ६ कार्बन सलग लागतात, एवढे ध्यानात धरा.

तयार करण्याच्या पद्धतींत कार्बन मोजणे हा एकच मंत्र पुरतो. सोडा लाइमने १ कार्बन कमी होतो, उत्प्रेरकी हायड्रोजनीकरणात तितकेच राहतात, वुर्ट्झ (कोरड्या ईथरमध्ये अल्किल हॅलाइडवर सोडियम) आणि कोल्बे (कार्बोक्झिलिक आम्लाच्या क्षाराचे विद्युत अपघटन) पद्धतींत दोन तुकडे जुळतात. वुर्ट्झने प्रोपेन बनवायला मिथिल आणि इथिल ब्रोमाइड एकत्र घेतले तर इथेन, प्रोपेन, ब्युटेन तिन्ही मिळतात, म्हणून विषम कार्बनांच्या अल्केनसाठी ही पद्धत निवडू नका. ईथर पूर्ण कोरडा हवा. पाणी असले तर सोडियम आधी त्यावर तुटून पडतो आणि ईथरशेजारी हायड्रोजन पेटण्याचा धोका उभा राहतो. ग्रिन्यार अभिकर्मकाचेही (कार्बनला मॅग्नेशियम जोडलेल्या संयुगाचेही) तसेच: ओलाव्याचा थेंब पडला, की तो तिथल्या तिथे अल्केन होऊन संपतो.

प्रयोगानंतर ब्रोमीनच्या दोन्ही नळ्यांत थायोसल्फेट घालून रंग पूर्ण जाईपर्यंत हलवा. वरचा सेंद्रिय थर ‘हॅलोजनयुक्त कचरा’ असे लिहिलेल्या झाकणाच्या बाटलीत ओता, साध्या हायड्रोकार्बनच्या बाटलीत नाही. सिंकमध्ये ओतलेला सायक्लोहेक्झेन पाण्यावर तरंगत ड्रेनेजच्या पाइपात जातो आणि त्याच्या वाफा तिथे साचून राहतात.